दाण्यांवरून सरळ

नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण लिहिताना अडवायला कोण येतंय? तर, खुशाल. ते वांकिडीच्या कापूस-ज्वारीच्या घरात जन्मले आणि जीप चालवायची स्वप्नं बघत मोठे झाले.

सत्त्याऐंशी साली संक्रांतीनंतर त्यांना लायसन मिळालं. आदिलाबादच्या तेलुगू साहेबांनी सही करताना एकच शब्द सांगितला होता, "मेल्लगा." म्हणजे हळू. खुशालरावांनी तो इतका मनावर घेतला की गावातल्या पांडुरंगरावांची भाड्याची जीप त्यांच्या हाती आल्यापासून आसिफाबादला निघालेल्या बाया वाटेत टोपलीभर तुरीच्या शेंगा सोलून मोकळ्या व्हायच्या.

दुपारी बाजेवर डोळा लागला तरी त्यांचे पाय चालूच असायचे. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. मला सहावा महिना होता. शेजारी पडल्या पडल्या मलाही गुंगी यायची आणि वाटायचं, आमची बाजच निघाली आहे, फुललेल्या पळसांमधून, कुणालाही न धडकता. त्या बाजेवरून मी कुठेही गेले असते.

खऱ्या जीपमध्ये मात्र मी पाय ठेवला नव्हता. त्याला कारण होतं. ज्वारी निघाली की आमच्याकडे लोक कणसं डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आयती मळणी होते. सगळे ड्रायव्हर खुशाल त्यावरून जातात, आमचे खुशालराव सोडून. सासूबाईंनी, रुक्माबाईंनी, लहानपणापासून शिकवलेलं, दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावायचा. पहिल्याच आठवड्यात समोर पसरलेली ज्वारी दिसली आणि ह्यांनी स्टिअरिंग फिरवलं. जीप नालीत कलंडली. आत बसलेल्या गावच्या सुईणीच्या, सखूबाईंच्या, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"काऊन वळवली रे?" त्या ओरडल्या.

"अन्नावरून चाक कसं नेऊ, मावशी?"

पांडुरंगरावांनी डोक्याला हात लावला. "अरे, आधी हळू कर. मंग दाण्यावर ना ब्रेक मारायचा ना वळवायची. सरळ जायचं. दाणे चाकाखालून सटकतात. पुन्हा वळवशील तर चावी माझ्यापाशी ठेवून घरी जाशील, आणि एखाद दिवशी कोणाचा जीव घेशील."

तेव्हापासून खुशालरावांनी आपला मार्ग काढला. ज्वारी दिसली की जीप थांबवायची, चपला काढून खाली उतरायचं, दाण्यांना हात लावून कपाळाला लावायचा आणि मग सरळ जायचं. उतारू वैतागायचे. मीही कमी नव्हते. "जीप चालवता का पूजा घालता?" ते नुसते हसायचे. मला त्यांचा रागही यायचा आणि मायाही.

आठव्या महिन्यातच एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. सखूबाईंनी पोट चाचपलं. "आडवं हाय. आसिफाबादच्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता." त्या माझ्यासोबत मागे बसल्या. अशा रीतीने मी पहिल्यांदा नवऱ्याच्या जीपमध्ये बसले.

बाहेर धुकं होतं. कळ आली की सगळं जग तिच्यात बुडायचं आणि ओसरली की एकेक गोष्ट लख्ख दिसायची. पळसाची केशरी फांदी, बांधावरची शेळी, पुढे खुशालरावांची मान. धुकं दोन्ही बाजूंनी मागे सरकत होतं आणि जीप जागेवरच तरंगत असल्यासारखी वाटत होती. मला भीती वाटेनाशी झाली.

मग धुक्यातून ज्वारी वर आली. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, डोळा पोहोचेल तिथवर. दोन्ही बाजूंना नाली.

जीप हळू झाली. खुशालरावांचे खांदे वर चढलेले मला दिसले. उतरायला वेळ नव्हता, आणि न उतरता जायचं त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. स्टिअरिंगवरचा डावा हात नालीकडे ओढायला लागला. सखूबाईंनी कपाळ गच्च धरलं.

"अवं, सरळ घ्या," मी म्हणाले. आवाज माझाच होता का, कोण जाणे. "तुमी सरळ घ्या. पाया मी पडते."

आरशात त्यांचे डोळे क्षणभर दिसले. मग हात जागेवर आला.

चाकांखाली कणसं करकरली. मागचा भाग किंचित सरकला, पुन्हा जागेवर आला. त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग हलवलं नाही. "मेल्लगा, मेल्लगा," एवढंच पुटपुटत राहिले. उघड्या बाजूने भुसा आत येत होता आणि त्यासोबत थोडे दाणे माझ्या मांडीवर पडले. मी एकेक वेचला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली. कळ आली तेव्हा तीच गाठ मुठीत दाबली. पुढे मोकळं डांबर कधी लागलं, मला कळलं नाही.

दुपारपर्यंत लेक झाली. इवलीशी, पण रडणं दणदणीत. खुशालराव आत आले ते दारातच थबकले. लेकीकडे बघायची त्यांना हिंमत होईना. ते माझ्या पदराकडे बघत होते.

मी गाठ सोडली आणि सगळे दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी चपला काढल्या, दाणे कपाळाला लावले आणि मगच लेकीला हात लावला.