राजीनामा मी देणार नाही!

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याकडून मराठवाड्यात नोकरीला निघाले तेव्हा आईने पिशवीत चिवडा, लोणचं आणि एक सूचना घातली होती: तोंड सांभाळ. चिवडा आठवड्यात संपला. सूचनेचं विचारू नका.

शाळा राणीसावरगावच्या पलीकडच्या एका खेड्यात. नोकरी तात्पुरती, दोन वर्षं बिनबोभाट गेली तर कायम. शाळेत बाई मी एकटीच, त्यामुळे सहलीत मुलींबरोबर जाणं माझ्याकडे. नामांतराच्या आंदोलनात एस.टी. बंद पडून आमची सहल दोनदा पुढे गेली होती. तिसऱ्यांदा एकदाची गाडी मिळाली आणि आम्ही येलदरीचं धरण बघायला निघालो.

माझ्या गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी होती. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की रांगेत यायचं. दहावीत दोनदा नापास झालेला, मिसरूड फुटलेला, अठरा ओलांडलेला एक मुलगा पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर जाऊन बसला. खाली शेवाळ. मी शिट्टी वाजवली. तो हलेना. जवळ जाऊन पुन्हा वाजवली. तेव्हा तो उठला, "बाई, बकऱ्या राखायलात का?" म्हणाला आणि शिट्टीची दोरी धरून त्याने हिसका दिला. दोरी तुटली आणि मी चार पायऱ्या खाली जाऊन पडले. उजवं मनगट मोडलं. शिट्टी त्याच्या मुठीत राहिली. दोन-चार टवाळ पोरं हसली. मुली मात्र धावत खाली आल्या.

परत येताना मी जिंतूरच्या पोलीस ठाण्यासमोर गाडी थांबवायला लावली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, घरचं भांडण घरात मिटवू."

"धरण काही आपल्या घरात नाही, सर," मी म्हणाले. फिर्यादीवर डाव्या हाताने सही केली. कोंबडी कागदावरून चालून गेल्यासारखी दिसत होती ती.

पंधरा दिवसांनी मुलाचे वडील माझ्या खोलीवर आले. गावातले मोठे शेतकरी, शिवाय शाळेच्या समितीवर. म्हणजे माझी नोकरी त्यांच्याही हातात. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं.

"बाई, पोरानं शेण खाल्लं, आमी मानतोत. पर शिक्षा झाली तर त्याच्या जिंदगीचा सत्यानाश हाय. पोलिसात भरती व्हायचं म्हणायलंय ते. तुमी राजीनामा द्या, मंग सगळं मिटलं."

"राजीनामा? मी द्यायचा?"

"मंग कोन देनार? तुमालाच द्यावा लागतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! प्लास्टरचाच हात दाराकडे करून मी त्यांना वाट दाखवली. "राजीनामा मी देणार नाही. काय करायचं ते करा!" ते बिचारे पागोटं हातात घेऊनच गेले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरही तेच म्हणाले. "देऊन टाका ना राजीनामा. त्यात तुमचंही भलं आहे." हे ऐकून मात्र मी रडले. रागाला मी घाबरत नाही, पण आपला माणूस उलटला की फार लागतं. तीन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. हजेरीपटसुद्धा शिपायाच्या हाती पाठवायची. त्यातच समितीने ठरवलं की यापुढे सहलीला बाई नको, आणि बाई नाही म्हणजे मुलीही नकोत. आठवीतली एक मुलगी विचारायला आली, "बाई, आमचं काय चुकलं?"

तारखेला जिंतूरच्या कोर्टात गेले. मुलगा पांढऱ्या शर्टात मान खाली घालून उभा. न्यायाधीशांनी विचारलं, "राजीनामा झाला का?"

त्याचे वकील म्हणाले, "आम्ही मागतोय साहेब, बाई देत नाहीत."

आता कोर्टातही तेच! मी उठले. "साहेब, पडले मी, हात माझा मोडला आणि राजीनामाही मीच देऊ? मी मजुरी करीन, पण हा राजीनामा देणार नाही!"

मागच्या बाकावरचे म्हातारे खो खो हसायला लागले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही कुठल्या?"

"साताऱ्याकडच्या."

"तरीच. अहो, दोन्ही बाजूंनी राजी होऊन तडजोड लिहून द्यायची, त्याला इकडे निजामाच्या काळापासून राजीनामा म्हणतात. तुमच्या नोकरीला कुणी हात लावत नाही. फिर्याद तुमची, म्हणून राजीनामा तुमचा. द्यायचा की नाही, ती तुमची मर्जी."

आधी मी लाजेने लाल झाले. मग 'तुमची मर्जी' हे शब्द हळूहळू डोक्यात शिरले. तीन महिने मी ज्याला भीत होते, तो कागद माझ्याच हातात होता! मी कंबरेला पदर खोचला.

"देते," मी म्हणाले. "पण ह्याने सगळ्या शाळेसमोर, मुलींसमोर माफी मागायची. आणि पुढच्या वर्षी मुलींची सहल निघायची, माझ्याबरोबर."

"दुसरी अट कोर्टाच्या कागदात बसत नाही," न्यायाधीश म्हणाले.

मुलाचे वडील हात जोडून उभे राहिले. "ती मी तोंडी देतो, साहेब. आमचं तोंड कागदापरीस पक्कं हाय. आमची धाकली बी धाडतो बाईंसंगं."

मी सही केली. उजव्या हाताने, वळणदार.

सोमवारी प्रार्थनेनंतर तो मुलगा पुढे आला. माफी मागताना त्याचा आवाज फाटला. खिशातून त्याने माझी शिट्टी काढून दिली, नव्या काळ्या दोरीत ओवलेली. मग मी हेडमास्तरांची माफी मागितली, तर ते हसता हसता खोकायला लागले. "मला वाटायचं, तुम्हाला पोराला तुरुंगातच धाडायचंय!"

पुढच्या वर्षी माझी दोन वर्षं भरली, नोकरीत कायम झाले, आणि त्याच हिवाळ्यात मुलींनी भरलेली गाडी घेऊन येलदरीला गेले. पोरी त्याच पायऱ्यांवर उतरल्या होत्या. मी वर उभी राहून दोनदा शिट्टी वाजवली. सगळ्या धावत वर आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. त्या मुलाची धाकटी बहीण सगळ्यात पुढे होती.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "आनखी एकदा वाजवा ना!"

मी पुन्हा वाजवली. धरणापलीकडे ऐकू जाईल इतक्या जोरात.