बेडूक इलो?

आमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात एक तळं आहे. दोन माणसं शेजारी-शेजारी झोपली तर भरून जाईल, एवढंच. पण त्याच्या काठाने इतके किस्से साचलेत, की मीटिंगला चार डोकी जमली आणि चहा यायला उशीर झाला की कुणीतरी म्हणतंच, "कांबळे मॅडम, त्या टाकीवाल्यांचं सांगा ना!" मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे बोलायला सांगावं लागत नाही. एकातून दुसरा निघतो. सगळे हसतात आणि मध्येच गप्प होतात, कारण प्रत्येक किस्स्यात सावंतकाका असतात.

काका तळमजल्यावर, मुलगा-सुनेकडे राहतात. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले आणि त्या खडखडाटाने कान हळूहळू खाल्ले. डॉक्टर म्हणाले, उरलंसुरलंही जाणार, मशीन लावून फार फरक पडायचा नाही. काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन मागच्या कोपऱ्यात उभे.

"काका, हे काय?" मी ओरडून विचारलं.

"तळा खणतंय गो बाय. कान आसत तवसर एक डाव बेडूक आयकूचो आसा."

मला हसू आलं नाही. बोरिवलीला डोंगराच्या कुशीत राहतो आम्ही, पण कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक घातल्यापासून बेडकाचा आवाज आमच्याही कानावर पडला नव्हता. आम्हाला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती!

*

तळं करायची काकांची पद्धत ठरलेली. खाली जुनी गोणपाटं, वर जाड प्लास्टिक, एका बाजूला दगडांचा उतार, म्हणजे आत पडलेल्या जिवाला बाहेर येता यावं. नळाचं पाणी आधी पिंपात मुरत ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. मासे अजिबात नाहीत, ते बेडकांची पिल्लं खातात.

आमचे सेक्रेटरी मोहिते म्हणजे दुसऱ्या मजल्यावर राहणारी नियमावली. ते येऊन म्हणाले, "काका, बेडूकच पाहिजे ना? माझ्या ओळखीत एक जण आहे. पिशवीत घालून आणतो, विषय संपला!"

काकांनी वरही बघितलं नाही. "बांधून हाडलेल्या पावण्याक काय अर्थ? येवचो तर आपल्या पायान येतलो."

पाहुणा काही आला नाही. रोज सकाळी मी शाळेला निघाले की काका गेटपाशी विचारायचे, "रात्री आयकलंस काय गो? बेडूक इलो?" मी मान हलवायची. नाही म्हणायचा कंटाळा येतो असं नाही, पण एकाच माणसाला रोज नाही म्हणणं जड जातं.

*

मग डास झाले. मोहित्यांनी तक्रार केली, "ते तळं म्हणजे डेंग्यूचा कारखाना आहे!" पालिकेचा माणूस आला. टॉर्च आणि लांब दांड्याची पळी घेऊन त्याने तळं चारही बाजूंनी ढवळून बघितलं. एक अळी नाही. तळ्यात चतुरांची पिल्लं झाली होती, ती डासांच्या अळ्या चट्टामट्टा करत होती.

"आता आलोच आहे तर घरंही बघतो," तो म्हणाला.

मोहित्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, मनी प्लँटची बाटली. आत अळ्या वळवळतायत! मोहित्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काकांनी ती बाटली मागून घेतली, खाली नेली आणि तळ्यात ओतली.

"माझ्या पोरांका न्याहरी," ते म्हणाले.

*

टाकीवाल्यांचं मात्र मला हसत सांगता येत नाही.

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी टाकी धुणारे येतात. गच्चीवरची टाकी, जमिनीखालची टाकी. त्या खेपेला काका मुलाबरोबर डॉक्टरकडे गेले होते. नव्या टोळीला कुणीतरी सांगितलं, "मागे पण पाणी आहे." त्या बिचाऱ्यांनी इमानेइतबारे काम केलं! तळं उपसलं, शेवाळ खरवडलं, गाळ काढून फेकला, ब्लिचिंग पावडर मारली, लखलखीत केलं. आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे मागच्या भिंतीवर लाल रंगात लिहून गेले, "टाकी साफ केली", खाली तारीख.

काका आले. भिंतीवरचं वाचलं. मग त्या चकचकीत प्लास्टिकवरून त्यांनी हात फिरवला. मला वाटलं, टाकीवाले बोलावणाऱ्या मोहित्यांची आता धडगत नाही. पण काका रडले. आवाज न करता, उभ्या उभ्या. पाणी जिवंत व्हायला वर्ष लागतं आणि कानांकडे तेवढं वर्ष आहे की नाही, ते त्यांना माहीत नव्हतं.

मोहितेही तिथेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपात पाणी मुरायला ठेवलेलं होतं. कुणी ठेवलं, ते कुणी कबूल केलं नाही. मोहित्यांच्या पँटचे पाय मात्र गुडघ्यापर्यंत ओले होते.

*

गणपतीत तिसऱ्या मजल्यावरची मंडळी दीड दिवसाचा बाप्पा घेऊन थेट तळ्यावर! टाळ, झांजा, आरतीचं ताट. "शाडूची मूर्ती आहे काका, इको-फ्रेंडली! घरच्या घरी झकास विसर्जन!"

शाडू झाला तरी माती ती मातीच. एवढ्याशा तळ्याची वाटच लागली असती. पण बोलणार कोण? देवाचं काम. आणि काका स्वतः असे की एरवी गणपतीला गावी जायचं म्हटलं की आषाढातच पिशवी भरून ठेवणार; त्या वर्षी तळ्यापायी राहिले होते.

काका काठावर आडवे उभे राहिले. आधी बाप्पाला हात जोडले, मग म्हणाले, "देवाक खयचाय पाणी चलता रे. ह्यांका दुसरा पाणी नाय."

झांजा थांबल्या. त्यांच्यातल्या एक ताई वर गेल्या, पितळी घंगाळ घेऊन आल्या. तळ्याच्या काठावर, घंगाळात, बाप्पा गेले. आरतीत सगळ्यात मोठा आवाज काकांचा, कारण आपला आवाज केवढा लागतोय ते त्यांना आता कळत नव्हतं.

*

तळ्यामागच्या भिंतीला, अगदी पायाशी, काकांनी एक वीट काढून भोक ठेवलं होतं. पलीकडे ओढा, मग डोंगर. हे पाहुण्यांचं दार. मोहित्यांनी ते सिमेंटने बुजवलं. म्हणे साप येतील, चोर येतील!

"चोर? या भोकातून?" मी म्हटलं. "मांजरीचं पिल्लू अडकेल हो त्यात!"

"नियम म्हणजे नियम, मॅडम."

पुढच्या पावसाळ्यात पाण्याला वाट उरली नाही. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, आणि मधोमध मोहित्यांची स्कूटर. कशीबशी ती उंचावर आणून सुरू केली. काकांनी जवळ जाऊन तिच्या पोटाला तळहात लावला. ही त्यांची गिरणीतली सवय. तिथल्या गोंगाटात ऐकू काय येणार? साचा नीट चालतोय की नाही, ते हाताला कळायचं. पाण्याचा पंप असो, लिफ्ट असो, काका हात ठेवून सांगतात आणि ते खरं निघतं.

"पाणी गेला आत," काका म्हणाले, आणि स्कूटर बंद पडली.

मोहिते हातोडा घेऊन आले. बर्म्युडा सावरत, पाण्यात वाकून, स्वतःच्या हाताने त्यांनी ते सिमेंट फोडलं. काका त्यांच्यावर छत्री धरून उभे होते.

"हे पार्किंगसाठी हं!" मोहिते ओरडले. "बेडकासाठी नाही!"

काकांना ते ऐकू आलं नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांचे कान पुरते गेले होते. आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. गेटपाशी त्यांनी मला विचारणंही बंद केलं होतं.

*

आणि त्याच पावसाळ्यात, एका शनिवारी रात्री, तो आला. अख्खी बिल्डिंग जागी झाली. मी खिडकीत उभी राहून ऐकलं आणि आनंद व्हायच्या आधीच नजर खाली तळमजल्याकडे गेली. काकांच्या खोलीची खिडकी तळ्याला अगदी लागून आहे. त्या खिडकीमागे काका शांत झोपले होते.

रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग. काका नेहमीसारखे पहिल्या खुर्चीवर. त्यांना सांगायचं कुणी? सून माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. आला म्हणून सांगायचं, म्हणजे तुम्हाला आता ऐकू येणार नाही हेही सांगायचं.

मोहिते तांबारलेल्या डोळ्यांनी उठले. "अजेंडा नंतर. आधी त्या तळ्याचं बघा! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय तो आवाज! हा काय प्रकार आहे?"

काकांनी माझा हात ओढला. "काय म्हणता गो तो? कित्याक चिडलो?"

आता टाळता येईना. मी त्यांचा तळहात उघडला आणि बोटाने लिहिलं, बेडूक.

काका हाताकडे बघत राहिले. मग उठले आणि खुर्च्यांमधून वाट काढत मोहित्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"इलो?"

मोहित्यांनी मान डोलावली. त्यांचा राग कुठे गेला, कोण जाणे.

"तू आयकलंस?"

परत मान डोलावली.

काकांनी आपला तळहात मोहित्यांच्या गळ्यावर ठेवला. "कसो वरडलो? वरडान दाखय."

मोहित्यांनी आमच्याकडे बघितलं. सगळे सभासद बसलेले. कुणीही हसलं नाही. मोहित्यांनी घसा साफ केला.

"डराँव."

"मोठ्यान रे."

"डराँव! डराँव!"

काकांनी डोळे मिटले. हात तसाच.

"आणखी एक डाव," ते म्हणाले.