देवरीच्या ढाब्यावरचे चार तास

गाडी घेतली तेव्हा मिस्टरांनी एकच विचारलं, "हे नागपूरले पोहोचंल काय?"

"मधात एकदा चार्ज केली तर पोहोचंल," मी म्हणाले.

त्यांना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे बोलणं तिथंच संपलं. रायपूरला चौबे कॉलनीतल्या घराच्या पोर्चमध्ये मी चार्जिंगचा प्लग बसवून घेतला आणि रोज ऑफिसला त्याच गाडीनं जाऊ लागले. इलेक्ट्रिक गाडीची खरी परीक्षा व्हायची ती महिना-दीड महिन्यातून एकदा. मुलगी नागपूरला वकिली शिकत होती. सुट्टीला ती रेल्वेनं यायची, पण परत जाताना सामान फार व्हायचं, म्हणून मी तिला सोडायला जायचे.

तेव्हा त्या अख्ख्या रस्त्यावर माझ्या माहितीतला फास्ट चार्जर एकच होता, देवरीच्या पुढं एका ढाब्याच्या आवारात. मशीन एक, गाडीला लावायची गन एक. आधी कुणी लावली असेल तर त्याचं आटोपेपर्यंत बसायचं, मग आपला तासभर. मुलगी कानात इअरफोन घालून बाकावर बसायची. घरात आम्ही दोघं मराठी बोलायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. लहानपणापासून तसंच. मी टोकलं की म्हणायची, "समझ तो सब आता है ना, मम्मी."

ढाबा चालवणारी मावशी तिकडचीच. पहिल्याच खेपेला तिनं मुलीला हटकलं, "काहून वं, मायसंग हिंदीत बोलून राहिली?"

मुलगी लाजली. "येते मले, पण बोलायची आदत नाही."

तेव्हापासून ती मावशीशी मराठीत बोलायची आणि माझ्याशी हिंदीत. मला थोडा हेवा वाटायचा. पण भाजी चिरणाऱ्या मावशीजवळ बसून ती अडखळत बोलू लागली की मी मुद्दाम लांब बसून ऐकायचे. चार्जिंग जरा हळू झालं तर बरं, असंही वाटायचं.

एकदा मार्चच्या दुपारी पोहोचलो तर मशीन बंद. गाडीत अकरा टक्के. हेल्पलाइनवाला सारखा म्हणत होता, "मॅडम, टेक्नीशियन निकल गया है." कुठून निघाला ते सांगेना. शेवटी मावशीच म्हणाली, "मागं पाण्याच्या मोटरीचा प्लग हाय. टाकी भरली हाय माही. लावा तिथं गाडी."

साध्या प्लगवर भंडाऱ्याला माझ्या माहेरापर्यंत जाण्याइतकं भरायला चार तास लागणार होते. मावशीनं चिंचेखाली खाट टाकून दिली. फोनला रेंज येत-जात होती. थोड्या वेळानं मुलीनं इअरफोन काढून पर्समध्ये टाकले आणि माझ्या शेजारी आडवी झाली.

"आप रायपुर आए थे तो कैसा लगा था?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. लग्न होऊन भंडाऱ्याहून आले, बूढापारा मोहल्ल्यात एक खोली भाड्यानं होती. तलावाकडून डास यायचे. मिस्टर ड्युटीवर गेले की दिवस सरता सरायचा नाही. एकदा घरमालकिणीला काहीतरी विचारलं, तर ती "हो" न म्हणता "हव" म्हणाली, अगदी माझ्या आईसारखं. ऐकून मी खोलीत गेले आणि रडले. घर सोडल्यापासून तोवर रडले नव्हते.

मुलगी माझ्याकडं कुशीवर वळली. मग शब्द जुळवत हळूहळू म्हणाली, "मम्मी, मले रायपूरले परत नाही यायचं. शिकणं झालं का मी दूर जाईन. तुले राग येईल."

"राग नाही येत."

"मग काय येते?"

तिच्या केसांत चिंचेचा वाळका पाला अडकला होता, तो मी काढत बसले. पुढं ती बरंच बोलली, कुठल्या शहरात, कसलं काम, आणि तिला कशाकशाची भीती वाटते. माझ्याशी इतकं मराठी ती त्याआधी कधी बोलली नव्हती. ऊन उतरल्यावर मावशीनं चहा आणला तेव्हा गाडीत पन्नास टक्के झाले होते, आणि मला निघावंसं वाटत नव्हतं.

शिक्षण संपताच ती बंगळुरूला नोकरीला लागली. त्याला दोन वर्षं झाली. एवढ्यात रस्त्यावर चार्जरच चार्जर झाले. एकेका ठिकाणी चार-चार, सहा-सहा गन, वर शेड, शेजारी कॉफी, वीस मिनिटांत मोकळे. रायपूरच्या दुसऱ्या बाजूला, अभनपूरकडं जातानाही एक लागतो. ऑफिसात लोक विचारतात, मी कौतुकानं सांगते. पण सोडायला जावं असं घरात आता कुणी नाही.

गेल्या महिन्यात ती एका दिवसासाठी कामाला नागपूरला आली. "मम्मी, आप आ सकते हो?"

मी उजाडताच निघाले. देवरीला गरज नसताना थांबले. ते जुनं मशीन काढून टाकलेलं. मावशीनं चहा दिला, पोरगी कुठं विचारलं.

"बंगळुरूले."

"दूर गेली वं," ती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली.

पुढं साकोलीला जेमतेम अठरा मिनिटं चार्जिंग केलं आणि दुपारच्या आत नागपूर गाठलं. तिची मीटिंग चारला संपली. तोवर मी हॉटेलच्या लॉबीत बसून होते. आम्ही जेवलो, ती भराभर ऑफिसातलं सांगत राहिली, मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. लगेच तिच्या विमानाची वेळ झाली.

एअरपोर्टच्या दारात तिनं बॅग उतरवली आणि खिडकीशी वाकली. मी तिचं मनगट धरलं. "दोन मिनिटं थांब."

मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. गार्डनं शिट्टी मारली. ती त्याला म्हणाली, "भैया, दो मिनट," आणि तशीच उभी राहिली. तिसऱ्या शिट्टीला मी हात सोडला.

रात्री भंडाऱ्याला बहिणीकडं राहिले आणि सकाळी रायपूरला निघाले. घरी पोहोचून मुलीला फोन केला, तो तिनं उचलला नाही, कामात असावी. संध्याकाळी तिचाच आला. ऑफिसमधून निघून ती ऑटोची वाट बघत होती. ऑटो येईपर्यंत आम्ही बोललो.