पडद्याले आड येनारी तुळई

"माह्या कामात काय खोट काढता? भीत फाकली तं माह्यं नाव काऊन घेऊन राह्यले, गुणवंतभाऊ?"

इनायत सुताराचा आवाज चढला होता. सावली गावाजवळच्या या खेड्यातलं समाजमंदिर चौऱ्याण्णव साली बांधलं, तेव्हा छताच्या लाकडी कैच्या त्यानंच जोडल्या होत्या. चार वर्षांत मधल्या कैचीखालची भिंत चार बोटं बाहेर झुकली, छपरावरचे कवेलू घसरले. आणि नेमका आजच शेजारच्या गावचा मुखरू काम पाहायला आलेला. त्याच्या नव्या घराचं छत इनायतला द्यायचं का नाही, ते ही भिंत ठरवणार होती.

"लाकूडच कच्चं असन," गुणवंतराव म्हणाला. गावच्या नाटक मंडळाचा तो अध्यक्ष.

"कच्चं? बावीस साल झाले पटाशी धरून. एक घर फाकलं नाई माह्यं!"

इनायत शिडीवर चढला. दोन्ही भिंतींवर तुळईचे नुसते बुडखे उरलेले, करवतीनं कापलेले. कैचीच्या तिरप्या लाकडांचे पाय धरून ठेवते ती ही आडवी तुळई. ती गेली, की कवेलूंच्या भारानं चिखलातल्या म्हाताऱ्या बैलासारखे ते पाय फाकतात आणि भिंतीला बाहेर रेटतात.

"मधातली तुळई कुठी गेली?"

गुणवंतरावाची नजर नाटकाच्या मंचाकडे गेली. इनायतनं तिकडे पाहिलं, खाली उतरला आणि पेटीवाल्याच्या बैठकीवरची सतरंजी ओढली. खाली तुळईचे दोन तुकडे शेजारी-शेजारी ठोकलेले. एकावर त्याच्याच पटाशीची खूण.

"राजमहालाचा पडदा तुळईले अडे, पुरा वर जात नोहता," गुणवंतराव पुटपुटला. "लोकाईले राजाचं डोस्कंच दिसे नाई."

"राजाचं डोस्कं दिसावं म्हून म्या माह्यं नाक कापून घेऊ?"

मुखरू खदखदून हसला. इनायतला वाटलं, चला, जमलं.

"तुमची चूक नाई, इनायतभाऊ. काम तुमालेच देतो. फक्त माह्या घरी ते आडवं लाकूड नोका टाकू. धानाच्या पोत्याईची थप्पी पार छतालोक लावाची हाये मले."

इनायतनं कपाळावर हात मारला. इतका वेळ काय दाखवलं याला? ओठावर आलेली शिवी त्यानं कानामागच्या पेन्सिलीसोबत दातात धरली.

"मंग दुसरा सुतार पाहा, मुखरूभाऊ. तुळईबिगर घर म्या बांधत नाई."

मुखरू चपला शोधू लागला.

"आन् तुमी काय पाहून राह्यले?" इनायत गुणवंतरावावर डाफरला. "बांबूचे टेकू आना. कवेलू उतरवाचे हायेत."

सुतळी घेऊन तो पुन्हा शिडीवर चढला आणि नव्या तुळईचं माप घेऊ लागला.