तिसऱ्या हावला पाय टेकायचे

खामगावात आमचा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा माझ्या नवऱ्यानं एक व्हिडिओ गेम लिहिला होता. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठींवरून उड्या मारायच्या, बोंडं गोळा करायची आणि मागे लागलेल्या कुत्र्यापासून जीव वाचवायचा, एवढाच खेळ. लाल फेटेवाला गडी म्हणजे हे आणि हिरव्या लुगड्यातली बाई म्हणजे मी. मी जन्मात लुगडं नेसले नव्हते. पण इतक्या थोड्या ठिपक्यांत साडीच्या निऱ्या बसत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं.

दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचं. उजवीकडच्या बाणांवर ह्यांची बोटं, डावीकडच्या अक्षरांवर माझी, आणि मधे कोपराला कोपर. नियम एकच होता: दोघंही पडद्याच्या कडेला पोचल्याशिवाय पडदा पुढे सरकायचा नाही. हे कायम आधी पोचायचे. मी मागे गाठींमधल्या पाण्याच्या हौदात पडायचे, पुन्हा निघायचे, कुत्र्याला सापडायचे. क्लासमध्ये मी टायपिंग शिकवायचे, पण उडी मारताना बोटं नेमकी गोंधळायची. हे कडेला जागच्या जागी उड्या मारत थांबायचे आणि म्हणायचे, "ये तू सावकाश. मी काई पुढं जाऊन नाही राह्यलो."

असं म्हणणारा माणूस तीन वर्षांपूर्वी गेला. मला त्याचं दुःख आहे हे सगळे जाणतात. राग आहे, हे मी कुणाला सांगत नाही.

मागच्या वर्षी तो जुना डब्बा कॉम्प्युटरही बंद पडला आणि फ्लॉप्यांना तर बुरशी आलेली. राहिला होता तो छापून ठेवलेला प्रोग्राम, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर. शाई इतकी उडाली होती की आणखी दोन उन्हाळे काढले असते तर कोरा कागदच उरला असता. खेळ गेला असता, आणि ह्यांच्या शेजारी बसण्याची माझ्याकडे उरलेली एकुलती एक जागाही. म्हणून क्लासच्या रिकाम्या खोलीत, एकात एक रचलेल्या खुर्च्यांशेजारी लॅपटॉप मांडून मी दुपारी तो टाइप करायला घेतला. प्रोग्रामिंग मी ह्यांच्याकडूनच शिकले होते. पुढचं पुस्तकांतून आणि मुलीला फोन करकरून शिकले.

पहिल्यांदा चालवला तेव्हा गडी दिसलाच नाही. बटण दाबलं की थेट कडेला. जुन्या कॉम्प्युटरचा वेग आवरायला ह्यांनी त्याला प्रत्येक पावलाआधी नुसतं मोजत बसवलं होतं, तीन हजारापर्यंत. नवा लॅपटॉप तेवढं पापणी लवायच्या आत मोजतो. म्हणजे वेग नव्यानं ठरवायला हवा होता. पण मूळचा केवढा होता, हे कोणाला विचारणार?

मग आठवलं. हौदावरून उडी मारली की हे आमच्या वऱ्हाडी 'हो'च्या चालीवर "हाव, हाव, हाव" करायचे आणि तिसऱ्या हावला गड्याचे पाय बरोबर गाठीवर टेकायचे. मी आकडे बदलत गेले आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं हाव हाव करत बसले. भिंतीपलीकडच्या शिवणकामवाल्या बाईनं दारात येऊन काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हिशेब जुळत नव्हता. चौथ्या दिवशी तिसऱ्या हावला पाय टेकले. त्या दिवशी मी पुन्हा खेळले नाही, लॅपटॉप मिटून ठेवला.

आता खेळ फोनवर आणायचा होता. मुलगी पुण्याला असते, तिलाही खेळायचा होता. फोनवर दोघांचा खेळ कसा चालणार, हाताएवढा तर पडदा. ती म्हणाली, "आई, बाबाचा गडी काढून टाक ना आता." ती वाईट बोलली नाही. मलाही ते पटलं. मी फेटा पुसला, गडी पुसला, त्याची बटणं काढली.

खेळ सुरू केला. हौद ओलांडला, कुत्र्याला चुकवलं, जन्मात पहिल्यांदा न पडता कडेला पोचले. आणि पडदा सरकेना. वाटलं फोन अडकला. पण बाई जागच्या जागी उड्या मारत होती, कुत्रं मागे फिरत होतं, सगळं नीट चाललं होतं. फक्त पडदा थांबला होता. मग लक्षात आलं, दोघांची अट काढायची राहिली. गडी गेला होता, पण खेळ अजून त्याची वाट बघत होता. कागदावर ती ओळ शोधली तर शेजारी पेन्सिलीनं ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं: दोघंबी.

एका ओळीचं तर काम होतं. ती खोडली की खेळ सुटला असता. खोडायला बसले आणि रडले, खूप वेळ, आवाज करून.

ओळ ठेवली. मुलीला एकटीचा वेगळा करून पाठवला. माझ्या फोनवर गडी परत आणला, फेट्यासकट, आणि पडद्यावर बटणं दोन्हीकडे बसवली: उजवीकडे ह्यांची, डावीकडे माझी. दोन्ही अंगठे माझेच. आधी उजव्या अंगठ्यानं ह्यांना कडेपर्यंत नेऊन ठेवते. मग डाव्या अंगठ्यानं मी सावकाश निघते.