आत्याचं युनिट

मी चौदा वर्षांची असताना राज्य शासनात पाच दिवस काम केलं आणि चौथ्या दिवशी वडिलांची सरकारी नोकरी जवळजवळ घालवली.

योजना चांगली होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मे महिन्याच्या सुटीत, नववीच्या काही मुलांना राज्य सरकारच्या कार्यालयांत पाठवायचं, तिथलं काम प्रत्यक्ष करायला द्यायचं आणि शेवटी प्रमाणपत्र द्यायचं, असं ठरलं होतं. घाटकोपरच्या आमच्या शाळेतून तिघांची निवड झाली. त्यातले दोघं हुशार होते. माझं अक्षर चांगलं होतं. हुशार मुलांना मोठमोठ्या साहेबांची कार्यालयं मिळाली. मला घरापासून चालत दहा मिनिटांवरचं रेशनिंग ऑफिस मिळालं.

तिथे मला तुळसकर बाईंच्या हाताखाली दिलं. बाई रेशनिंग इन्स्पेक्टर, मूळच्या मालवणकडच्या. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे लोक त्यांना जास्त घाबरत. सोमवारी त्यांनी माझ्यासमोर आवक नोंदवही ठेवली. आलेल्या प्रत्येक अर्जाला नंबर द्यायचा, अर्जदाराचं नाव, पत्ता आणि विषय लिहायचा, शिक्का मारायचा. मी जीव ओतून लिहिलं. वेलांट्या सारख्या, मात्रा एका कोनात, रेघ पट्टीने मारल्यासारखी. मंगळवारी दोन कारकून चहा घेऊन फक्त वही बघायला आले. (आयुष्यात माझ्या लिखाणाला एवढ्या आदराने पुन्हा कोणी पाहिलेलं नाही.)

बुधवारी दुपारी बाई म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर गृहचौकशीला चल. कार्डावर जेवढी माणसं आहेत, तेवढी घरात आहेत का ते बघायचं. तुझ्याच बिल्डिंगमध्ये काम आहे."

मी विचारलं, कोणाकडे?

"आधी सांगितलं की माणसं तयारी करतात."

आमच्या रेशनकार्डावर पाच माणसं होती आणि घरात चार. आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. पाचवी माझी शालू आत्या. ती लग्न होऊन बोरिवलीला गेली त्याला चार वर्षं झाली होती. कार्डावर मात्र ती अजून 'कु. शालिनी' होती आणि तिचं वय बावीसच्या पुढे सरकलं नव्हतं. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि तो सासरी द्यायचा, अशी पद्धत. तो दाखला आणायला बाबा चार वर्षं 'पुढच्या महिन्यात' जात होते. कार्डावरच्या एका माणसाला एक युनिट म्हणत, आणि आत्याच्या युनिटाची साखर त्यांना सोडवत नव्हती. आत्या माहेरी आली की आई तिला चहा देताना म्हणायची, "घे, तुझ्याच साखरेचा आहे."

भीती साखरेची नव्हती. बाबा स्वतः सरकारी नोकर, अंधेरीच्या एका कार्यालयात हेड क्लार्क. लग्नानंतर कार्डासाठी भरून दिलेल्या फॉर्मवरही 'वरील माहिती खरी आहे' या वाक्याखाली त्यांची सही होती. सरकारी नोकराने सरकारला खोटं लिहून दिलं तर काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस अशाच एका सहीपायी निलंबित झाला होता आणि तो आदेश बाबांनीच टाइप केला होता.

मी घरी येऊन बातमी दिली. बाबांनी शांतपणे पंखा बंद केला, मग तो का बंद केला ते न कळून परत लावला. उद्या पकडलं तर नोकरी गेली, एवढंच ते दोनदा म्हणाले. मग तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांनी बोरिवलीला फोन केला. उद्याचा दिवस शालूला इथे आणून सोडा, इतकंच सांगितलं. बोरिवलीचे काका, म्हणजे आत्याचे यजमान, जरा थांबून 'हो हो' म्हणाले. त्या थांबण्याकडे आमच्यापैकी कोणीही लक्ष दिलं नाही.

दरम्यान माझ्या भावाने ही बातमी जिन्यात फोडली. तेव्हा असं कळलं की आमच्या बिल्डिंगीत जास्तीचं युनिट फक्त आमच्याकडे नव्हतं. गुरुवारी सकाळी जिन्यावर जनगणनेच्या वेळीही नसते एवढी गर्दी होती. मुलुंड, कुर्ला, जोगेश्वरी इथून लेकी, दीर आणि भाचे आपापल्या जुन्या पत्त्यावर हजर झाले होते.

दहा वाजता आत्या रिक्षातून उतरली आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. कागदोपत्री अविवाहित असलेल्या माझ्या आत्याला सातवा महिना होता.

हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आईने डोहाळजेवणाचा बेतही ठरवला होता. पण घाबरलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट आठवते आणि आम्हाला फक्त युनिट आठवलं होतं.

बाबा घाम पुसत म्हणाले, निदान मंगळसूत्र तरी तासभर काढून ठेव.

आई मध्ये आली. "मंगळसूत्र काढायचं नाही."

"अगं, माझी नोकरी आहे."

"मंगळसूत्र तिचं आहे."

शेवटी बाबांनी महाबळेश्वरला घेतलेला स्वतःचा लोकरी स्वेटर आणला. गळ्यापर्यंत बटणं लावली की मंगळसूत्र झाकलं जात होतं आणि खाली पोटही बरंचसं. मे महिना, घाटकोपर, पत्र्याखालचा वरचा मजला. विचारलं तर थंडी वाजून ताप आलाय म्हणायचं ठरलं. आत्या बटणं लावताना म्हणाली, "दादा, चार वर्षं माझी साखर तू खाल्लीस. आता पोट मात्र मी लपवायचं."

काकांना शेजारच्या खोलीत बसवलं. कुमारिकेला नवरा असून चालणार नव्हतं.

मी मात्र घरात थांबू शकत नव्हते. मी त्या दिवशी शासन होते. ऑफिसात जाऊन, बाईंची फाइल छातीशी धरून, अकरा वाजता मी माझ्याच बिल्डिंगचा जिना चढू लागले. प्रत्येक मजल्यावर वाटलं, बाई इथे थांबतील. प्रत्येक दारातले लोक आपली माणसं मोजून दाखवायला तयार उभे होते. बाई एकाकडेही न बघता वर चढल्या, आमच्या दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कडी वाजव."

मी माझ्या घराची कडी वाजवली. बाबांनी दार उघडून मला नमस्कार केला.

बाई खुर्चीत बसल्या आणि फॉर्म माझ्या हातात दिला. विचारायचं मी, लिहायचंही मी. मी बाबांना कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं. बाबा गोंधळून म्हणाले, "अगं, तुला माहीत..."

"चौकशीत नातं नसतं," बाई म्हणाल्या. "लिव गो."

बाबांनी नाव सांगितलं. मी लिहिलं. आई झाली, भाऊ झाला, मीही झाले. (मी स्वतःला हजर लिहिलं, ती त्या फॉर्ममधली सर्वांत निर्धास्त नोंद.) मग पाचवं नाव आलं. कु. शालिनी हजर आहेत का, असं मी विचारलं. कोपऱ्यातल्या स्वेटरमधून आवाज आला, "हजर."

आत्याचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. आईने घाईने तापाचं सांगितलं. बाई उठल्या, आत्याच्या कपाळाला हात लावला, हात पदराला पुसला आणि परत बसल्या.

"पुढचा रकाना," त्या मला म्हणाल्या.

पुढचा रकाना होता, विवाहित की अविवाहित. मी प्रश्न वाचला. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असे बघत होते, जणू आपली निवृत्ती त्यावर शोधत होते. आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"लग्नात करवली तू होतीस, नीतू. तूच सांग."

मी 'विवाहित' लिहिलं. सत्यासाठी नव्हे. 'अविवाहित' हा शब्द लांब होता आणि रकाना इतका अरुंद होता की अक्षर बिघडलं असतं.

बाबा मटकन स्टुलावर बसले. नोकरी गेली, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"स्वेटर काढा बाई आता. बाळाला उकडत असेल." मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि दाराकडे बघत विचारलं, "मयेकर आलेत काय?"

शेजारच्या खोलीतून काका बाहेर आले. हातात चहाची बशी होती. बाईंच्या हातातला अर्ज त्यांचा होता. बाळाचं नाव कार्डावर चढवायचं तर आधी आईचं नाव तिथे हवं, आणि मेहुण्याला पाचव्यांदा सांगायची हिंमत नाही, म्हणून त्यांनी सरळ ऑफिसलाच लिहिलं होतं. ते आत्यालाही सांगितलं नव्हतं. फोनवर ते थांबले होते ते त्यामुळे.

बाई बाबांकडे वळल्या. "तुमच्या मुलीने लिहिलेली चौकशी मी वर पाठवू शकते. किंवा तुम्ही आत्ता स्वतःहून अर्ज द्या, की नाव कमी करायचं राहून गेलं. कार्डधारकाने स्वतः कळवलं, तर प्रकरण इथेच मिटतं."

बाबांनी पेन माझ्याकडे दिलं. अर्ज मी लिहिला, सही त्यांनी केली. मग बाईंनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि पट्टी दिली. मी आत्याच्या नावावर एक आडवी रेघ मारली. आत्या स्वेटरने वारा घेत म्हणाली, चार वर्षांनी लग्न झालं एकदाचं.

सगळं निभावलं होतं. मी मोठा श्वास सोडला आणि बाईंना म्हटलं, काल नुसतं नाव सांगितलं असतंत, तर आम्ही हा अर्ज कालच दिला असता.

बाईंनी पिशवीतून आवक नोंदवही काढली आणि मंगळवारचं पान उघडलं. वि. गो. मयेकर, बोरिवली. विषय, पत्नी शालिनी हिचे नाव माहेरच्या कार्डातून कमी करणे. खाली आमच्या बिल्डिंगचं नाव, मजला, खोली नंबर. सगळं माझ्या अक्षरात. वेलांट्या सारख्या, मात्रा एका कोनात. लिहिताना मी फक्त अक्षर बघितलं होतं. (आणि काका मला 'बोरिवलीचे काका' म्हणूनच माहीत होते. पण आमचा पत्ता तरी माझा मला माहीत असायला हरकत नव्हती!)

"मी सांगितलं नाही, खरं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तू लिहिलंयस म्हणजे वाचलं असशील."

शुक्रवारी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर बाईंनी स्वतः भरलेले दोन रकाने होते. हस्ताक्षर, उत्तम. आकलन या शब्दापुढे एक आडवी रेघ होती. ती मात्र पट्टीने मारली होती.