नसलेल्या आजाराचं औषध

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात तिचं टेबल माझ्या शेजारी होतं. मेणात दात बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तेव्हा सगळे तिला मुलगा समजत. ती बोलायची फार कमी, आणि बोललीच तर स्वतःला वगळून: "जेवण झालंय," "काम झालंय." 'जेवलो' म्हणणं तिच्या जिवावर यायचं आणि 'जेवले' म्हणायची सोय नव्हती. थट्टेत तिचं नावच 'झालंय' पडलं. त्यामागचं कारण तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

विशीत असताना तिने एकदा न्हाणीघरातला आरसा मुठीने फोडला. हाताला टाके पडले. घरात ती आणि आई दोघीच. वडील तिच्या लहानपणीच गेलेले. आई तिला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिने धीर करून सांगितलं, "कळायला लागल्यापासून मी मुलगी आहे. हे शरीर माझं वाटत नाही." डॉक्टरांनी संताप पाहिला, जखम पाहिली, 'मी कोण' हा घोळ ऐकला आणि निदान केलं: व्यक्तिमत्त्वाचा विकार.

आईला त्या शब्दाचा केवढा आधार झाला. आजार आहे, म्हणजे बरा होईल. त्यानंतर घरात चुकून "मी आले" असं तोंडातून गेलं, की आई गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवायची. रागावून नाही, मायेनेच. ती गिळायची. गोळ्यांनी झापड यायची, हात जड व्हायचे, मेणातले दात वाकडे बसायचे. आत मात्र काहीच हललं नाही.

तारुण्य असंच गेलं.

दवाखान्यात रुग्णांची एकत्र बैठक भरायची. तिथे एक शिवणकाम करणारी बाई येई. तिला तो विकार खरोखरच होता. एकदा ती म्हणाली, "माझं बघ. सकाळी जो माणूस देव वाटतो, तोच संध्याकाळी वैरी. मला काय हवंय, मी कशी आहे, रोज पाटी कोरी. तुझं तसं नाही गं. तू पहिल्यापासून एकच गोष्ट सांगतेयस."

तो "गं" ऐकून हिला तिथेच रडू फुटलं.

पुढे जुने डॉक्टर निवृत्त झाले. नव्या डॉक्टरीणबाईंनी सगळं मुळापासून विचारलं. "तुम्हाला कोणी बाई म्हणून हाक मारली, तर काय होतं?"

"छातीवरचा दगड उतरतो."

बऱ्याच भेटींनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या विकारात माणसाचं स्वतःबद्दलचं चित्रच डळमळतं. नात्यांत, इच्छांत, सगळीकडे. तुमचं चित्र पक्कं आहे. शरीर त्याच्याशी जुळत नाही, लोकही चुकीचं ओळखतात, त्याचा हा त्रास. एखाद्याला दोन्ही असू शकतं, पण तुम्हाला तो विकार नाही. आणि बाई असणं हा तर आजारच नाही."

घरी येऊन तिने आईला सांगितलं. आई भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे तू आता बरा होणार नाहीस?"

"आई, तो आजार मला नव्हताच."

"मग इतकी वर्षं मी तुला काय भरवलं?"

आई त्यानंतर खचलीच. लेकराला ती नुसतं "बाळ" म्हणू लागली. "बाळ आलं का?" 'आला' तिने सोडलं, 'आली'पर्यंत मात्र पोचली नाही. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली.

शरीर मनाशी जुळवणारे उपचार सुरू झाले, कागदोपत्री नाव बदललं. आता ती आमच्यात भरपूर बोलते, कधी कधी तर गप्प बस म्हणावं लागतं. परवा काम आवरताना म्हणाली, "आईचा राग येत नाही गं. गोळी द्यायला एकदाही विसरली नाही ती. वाईट एवढंच वाटतं, की तिची नि माझी भेटच झाली नाही."

मेण वितळवायचा दिवा तिने विझवला आणि टेबल पुसायला घेतलं.